आधी देणं फेडा, मग अर्पण द्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मंडळीचा (चर्चचा) खजिनदार असताना कब्रस्तानाच्या भिंतीच्या कामातले १०,००० रुपये घरच्या अडचणीला वापरले आणि वहीत सिमेंटच्या नावावर दाखवले. कोणालाच कळलं नाही. आता दर रविवारी अर्पणाच्या पाकिटात नेहमीपेक्षा जास्त टाकतो, तरी प्रभुभोजनाला (भाकर व द्राक्षारसाच्या विधीला) पुढे जाताना पाय अडखळतात. काय करावं?
– एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : पाय अडखळतात ही देवाची कृपा आहे, ती दाबून टाकू नका. पण पाकिटाचा मार्ग सोडा. पाकिटातला पैसा वहीत अर्पण म्हणून जमा होतो. म्हणजे घेतलेली रक्कम तुमचं दान होऊन परत येते आणि सिमेंटची खोटी नोंद तशीच राहते. हनन्या व सप्पीरा या नवराबायकोचं पाप असंच होतं (प्रेषितांची कृत्ये ५). शेत विकून आलेले पैसे त्यांचेच होते, थोडे मागे ठेवायलाही कोणी अडवलं नव्हतं; सगळं दिल्याचं भासवलं, तिथे ते चुकले.

बायबलमधल्या गणना या पुस्तकात (५:६-८) क्रम दिलेला आहे. पाप कबूल करायचं, पूर्ण भरपाई करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्याच हातात द्यायचं. घ्यायला त्याचा जवळचा नातलगही उरला नसेल तरच ती रक्कम याजकाकडे जाते. तुमच्या बाबतीत १०,००० आणि २,००० मिळून १२,००० रुपये होतात. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयानं चौपट देऊ केलं (लूक १९:८), पण ते तो आपणहून, आनंदानं बोलला. तेवढं जमत नाही म्हणून थांबून राहू नका.

भक्ती सुटल्यावर दारात हा विषय काढू नका. पाळकसाहेबांची वेगळी वेळ घ्या आणि तारीख, रक्कम, वहीतली नोंद कागदावर लिहून न्या. रक्कम चेकनं द्या, पावतीवर ‘अर्पण’ नको, ‘परतफेड’ लिहून घ्या. एकरकमी जमत नसेल तर दरमहा १,००० प्रमाणे १२ हप्ते लिहून द्या. पैशाची कोणतीही जबाबदारी अजून तुमच्याकडे असेल तर तिचा राजीनामा त्याच भेटीत द्या.

बहुतेकांची कबुली बिघडते ती कारणांमुळे. आजारपण, शाळेची फी, धंद्यातली खोट; ही कारणं खरीही असतील, पण विचारल्याशिवाय सांगू नका. त्यांनी वाक्य लांबतं आणि पाप लहान दिसायला लागतं. सगळ्या मंडळीपुढे सांगायचं की नाही हे कमिटीला ठरवू द्या, कारण पैसा मंडळीचा होता. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर ऑडिटरलाही कळवावं लागेल. काही काळ सेवेतून बाजूला राहायला सांगितलं तर राहा.

प्रश्न : मी महिला मंडळात प्रार्थना चालवते, साक्षही देते (देवानं आपल्यासाठी काय केलं ते सभेत सांगते). घरी मात्र सुनेवर फार चिडते. मुलगा म्हणाला, “आई, तू चर्चमध्ये एक आणि घरी एक.” साक्ष देणं बंद करू का?
– एक भगिनी, जरीपटका

उत्तर : ताई, काही आठवडे थांबा, पण तेवढ्यानं भागणार नाही. मत्तय ५:२३-२४ पुन्हा वाचा. वेदीपाशी भेट अर्पण करताना आठवण होते ती ‘भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे’ याची, म्हणजे दुखावलेला तो आहे. प्रभू येशू हे गालीलातल्या लोकांना सांगत होते. यरुशलेमची वेदी तिथून सुमारे तीन दिवसांच्या पायवाटेवर. भेट तिथेच ठेवून परत जायचं, समेट करायचा आणि पुन्हा यायचं! तुम्हाला तर स्वयंपाकघरापर्यंतच जायचं आहे.

“काही चुकलं असेल तर माफ कर” असं म्हणू नका. “काल पाहुण्यांसमोर तुझ्या भाजीला नावं ठेवली, ते माझं चुकलं,” असं नेमकं म्हणा आणि तिथेच थांबा. ‘पण’ आला की माफी संपली. क्षमा कर म्हणून वचनं ऐकवू नका, तिला वेळ लागू द्या. अपमान पाहुण्यांसमोर झाला, तर माफीही त्यांच्यासमोर मागायला हवी. आणि ही हकीकत तिला विचारल्याशिवाय साक्षीत सांगू नका. तिचं दुःख वापरून आपली नम्रता दाखवणं हेही ढोंगच आहे.

रात्री स्तोत्र १३९:२३-२४ म्हणून झालं की आज आवाज कधी चढला ती वेळ लिहा. दोन आठवड्यांत वेळा जुळू लागतात. पुष्कळ घरांत ती रविवारची सकाळ असते, चर्चला निघायची घाई. शनिवारी रात्रीच कपड्यांना इस्त्री आणि भाजी चिरून ठेवली तरी निम्मं भांडण टळतं. मुलाचे आभार माना. एकांतात चूक दाखवण्याचं काम (मत्तय १८:१५) त्यानं केलं आहे.

प्रश्न : लेंटमध्ये (पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपासाच्या काळात) ४० दिवस दुपारचं जेवण सोडतो. इतरांना प्रेरणा मिळावी म्हणून व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकलं तर?

उत्तर : टाकू नका. लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात, ६ रविवार वगळून ४०. या सगळ्या दिवसांना प्रभूंची एकच सूचना पुरते : डोक्याला तेल लावा, तोंड धुवा (मत्तय ६:१७). ऑफिसात कोणी डबा पुढे केला तर “आज जेवत नाही” एवढं बस; पोट बिघडल्याचं खोटं कारण नको. मार्चनंतर नागपूरचं ऊन चढतं, तेव्हा पाणी सोडू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नका.

रोजचा डबा ८० रुपयांचा धरला तर ४० दिवसांत ३,२०० रुपये वाचतात. ते कोणाला द्यायचे हे ठरवण्याआधी घरकामाच्या बाईंचा पगार थकलेला नाही ना, ते पाहा. उपास करायचा आणि त्याच दिवशी मजुरांना पिळायचं, हीच यशया संदेष्ट्याची तक्रार आहे (५८:३), आणि बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाप्रमाणे (२४:१५) मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायची असते.