सासऱ्यांना हॉस्पिटलमध्येच न्यूमोनिया झाला, तो आला कुठून?

खुब्याच्या ऑपरेशनसाठी सासऱ्यांना भरती केलं तेव्हा छाती साफ होती, मग चौथ्या दिवशी न्यूमोनिया एसीतून आला की शेजारच्या पेशंटकडून, असं तुम्ही विचारलंय.

मी नागपुरात आयसीयूत सिस्टर आहे. बहुतेक वेळा तो पेशंटच्या स्वतःच्याच तोंडातून उतरतो. भरती झाल्यावर काही दिवसांतच तोंडा-घशातले जंतू बदलतात, घरून आलेल्या जंतूंच्या जागी क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास असे हॉस्पिटलातले मुरलेले जंतू ठाण मांडतात. (ते पोचतात बरेचदा हातांवरून. आमच्याही, लपवून काय करायचं.) झोपेत थोडी लाळ तर तुमच्या-माझ्याही श्वासनळीत जाते, आपण खोकून मोकळे होतो. पण खुबा ठणकतोय, औषधाची गुंगी आहे, असा उताणा पडलेला माणूस खोकणार कसा? हे जंतू बदलून छातीत उतरायला वेळ लागतो, म्हणून भरतीनंतर 48 तास उलटल्यावर सुरू झालेल्यालाच हॉस्पिटलचा न्यूमोनिया धरतात. त्याआधीचा बहुधा घरूनच आलेला.

हिवाळ्यात एक नात आजोबांना आडवं ठेवूनच फिडिंग कपाने संत्र्याचा रस पाजत होती. ‘पिऊन राहिले ना सिस्टर, छान!’ आजोबा एक घोट घ्यायचे, ओलसर खोकायचे, परत घोट. पोरगी खूश, माझ्या पोटात गोळा. टेबलावर श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्र पिशवीतच होतं. काढलं तर आजोबांनी जोरात फुंकलं. सगळेच फुंकतात! ते फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते.

आता सासऱ्यांचं. पलंगाची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर आहे का बघा, मात्र खुब्याचं ऑपरेशन आहे म्हणून किती वाकवायचं ते डॉक्टरांना विचारून. दात रोज घासले जाताहेत का, कवळी रात्री काढता का? म्हाताऱ्या माणसाला दरवेळी ताप येईलच असं नाही, नुसतं असंबद्ध बोलायला लागले तरी सिस्टरला हाक मारा.

थुंकीच्या कल्चरचा (कोणता जंतू वाढतो ते बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तो आल्यावर अँटिबायोटिकचं इंजेक्शन बदललं तर ‘आधीचं चुकलं होतं का’ म्हणून भांडू नका, तसंच करायचं असतं. कोर्स साधारण 7 दिवसांचा. एक्स-रे मात्र माणूस बरा वाटायला लागल्यावरही बरेच दिवस खराब दिसतो.

रस द्या हो, पण बसवून, चमच्या-चमच्याने. आणि घोटाबरोबर खोकला आला तर तिथेच थांबा.