सैतानालाही परवानगी लागते: आध्यात्मिक युद्धाविषयी वाचकांचे प्रश्न

सैतानाविरुद्ध देवाची शस्त्रसामग्री घ्या असे सांगणाऱ्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायावर या सदरात लिहिल्यापासून सैतान, दुरात्मे, करणी आणि देवाचे सार्वभौमत्व यांविषयी बरीच पत्रे आली. काहींत शास्त्राची शंका आहे, काहींत घरातले दुःख. पत्रे थोडक्यात घेतली आहेत आणि नावे दिलेली नाहीत.

“पाळकसाहेब, सलाम. दाविदाने इस्राएलाची शिरगणती केली ती देवाने त्याला प्रवृत्त केलं म्हणून, असं दुसरे शमुवेल 24 मध्ये आहे. पहिले इतिहास 21 मध्ये तेच काम सैतानाने करवलं असं म्हटलंय. खरं काय धरायचं? आणि देव सर्वसमर्थ असेल तर हे युद्ध चाललंय तरी कशाला?” — सेमिनरीतला विद्यार्थी, पुणे

दोन्ही खरे धरायचे. एकाच घटनेत तीन इच्छा काम करत आहेत. दाविदाला आपल्या सैन्याचा आकडा पाहायचा आहे. त्याचा सेनापती यवाब याच्यासारखा कठोर माणूससुद्धा “हे करू नका” म्हणतो, तरी तो ऐकत नाही. सैतानाला इस्राएलाचा नाश हवा आहे. आणि परमेश्वर आपल्या लोकांचा न्याय करत आहे. शिक्षा म्हणून आलेल्या मरीत, म्हणजे साथीत, 70,000 माणसे मेली. हा भाग वाचताना आपण घाईने पुढे जातो, तसे जाऊ नये.

पण गोष्ट कुठे संपते ते पाहा. मरी थांबते ती अरवना यबूसी याच्या खळ्यापाशी. दावीद ते खळे आणि बैल 50 शेकेल रुपे देऊन विकत घेतो आणि तिथे वेदी बांधतो. दुसरे इतिहास 3:1 सांगते की शलमोनाने मंदिर बांधले ते याच जागी. ज्या घटनेतून सैतानाला इस्राएल संपवायचे होते, तिच्यातून देवाने पापक्षमेसाठी यज्ञ होण्याची जागा काढली. सैतानाचा हेतू आणि देवाचा हेतू एकाच कृतीत होते, पण एकच नव्हते.

मंडळीने हे पहिल्यापासून जपले आहे. संत ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानी पंथात होते. प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी राज्ये एकमेकांशी लढत आहेत, अशी त्या पंथाची शिकवण. ती सोडल्यावर ऑगस्टीन यांनी आयुष्यभर सांगितले की वाइटाला स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व नाही. चांगल्याची झीज, चांगल्यातली उणीव म्हणजे वाईट. 1215 च्या लॅटरन परिषदेने स्पष्ट केले की सैतान व इतर दुरात्मे देवाने चांगलेच निर्माण केले होते, ते आपल्याच कृतीने दुष्ट झाले. 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात प्रेस्बिटेरियन मंडळींनी लिहिले की सर्व काही देवाच्या योजनेत आहे, तरीही तो पापाचा कर्ता नाही. इतर कितीतरी बाबतींत वेगळे असलेले हे ख्रिस्ती इथे एकत्र उभे आहेत. सैतान देवाच्या तोडीचा नाही. तोडीचा असेलच तर तो आद्यदेवदूत मीखाएलाच्या, कारण दोघेही निर्मिलेले आहेत.

मग युद्ध कशाला? देवाने वाइटाला इतका काळ का दिला, याचे पूर्ण उत्तर शास्त्र देत नाही. त्याची मर्यादा मात्र सांगते आणि शेवटही सांगते. कलस्सैकरांस 2:15 नुसार वधस्तंभावर सत्ता व अधिकार, म्हणजे दुष्ट आत्मिक शक्ती, यांचा पराभव झालेला आहे. आणि प्रकटीकरण 12:12 सांगते की सैतान अतिशय संतापला आहे, कारण आपला काळ थोडा आहे हे त्याला ठाऊक आहे. हरलेला शत्रूही जखमा करू शकतो, म्हणून आपल्याला शस्त्रसामग्री घ्यावी लागते.

“माझ्या मुलीला सात-आठ महिन्यांपासून आवाज ऐकू येतात. रात्र-रात्र झोपत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. प्रार्थना घेणारे एक बंधू म्हणतात, गोळ्या म्हणजे अविश्वास, त्या बंद करा, मुलीला तीन दिवस उपाशी ठेवा, मी आत्मा काढतो. काय करू?” — एक आई, जालना जिल्हा

ताई, गोळ्या बंद करू नका. मुलीला उपाशी ठेवू नका. तिला त्या माणसाच्या स्वाधीन करू नका. हे तिन्ही आजच पाळा, बाकीचे उत्तर नंतर वाचले तरी चालेल.

आवाज ऐकू येणे, झोप उडणे ही मेंदूच्या आजाराची ओळखीची लक्षणे आहेत आणि त्यांवर उपचार होतात. औषध अचानक तोडले तर आजार उलटतो आणि आधीपेक्षा जड जातो. गोळ्यांनी गुंगी येत असेल, वजन वाढत असेल, तर ते डॉक्टरांनाच सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येते. डॉक्टर लांब असतील तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.

आता शास्त्राचे. मत्तय 4:24 मध्ये येशूकडे आणलेल्यांची यादी आहे: नाना प्रकारच्या रोगांनी पिडलेले, भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षाघाती. शुभवर्तमानाच्या लेखकाने ही नावे वेगवेगळी घेतली आहेत. प्रत्येक आजारामागे भूत असते, असे येशूच्या काळातही मानलेले नाही. पौलासोबत फिरणारा लूक वैद्य होता, आणि तीमथ्याच्या पोटदुखीवर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले; आत्मा काढायला सांगितले नाही. दुरात्म्यांचे अस्तित्व मी मानतो. येशूने त्यांना हाकलले, हेही मानतो. पण मार्क 5 मध्ये कबरींत राहणाऱ्या भूतग्रस्त माणसाला साखळदंड घातले होते गावाने. येशूने त्याला नाव विचारले, आणि शेवटी तो वस्त्र नेसून शुद्धीवर बसलेला दिसतो. येशूचा हात लागलेला माणूस अधिक माणूस होतो. उपाशी ठेवून, मारून, धुरी देऊन जे “काढले” जाते त्याचा येशूशी संबंध नाही.

कॅथलिक मंडळीत भूत काढण्याचा विधी बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणाही धर्मगुरूला करता येत नाही, आणि त्याआधी हा आजार तर नाही ना याची खात्री करावी लागते. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असे बंधन नाही, म्हणून कोणीही उठतो आणि अभिषिक्त होतो. हे मला फार सलते. शिवाय महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारहाण करणे हा त्याखाली गुन्हा आहे. त्यातून ख्रिस्ती माणसाला सूट नाही, आणि नसावीच.

तुम्ही मुलीच्या उशाशी बसून रोज प्रार्थना करा. साधी, थोडक्यात, तिला भीती वाटणार नाही अशी. ती ऐकत असताना “तुझ्यात काहीतरी आहे” हे शब्द घरात कोणी उच्चारू नयेत.

“दाराशी लिंबू, टाचण्या, कुंकू टाकलेलं सापडलं. भावकीत जमिनीचं भांडण आहे. सासूबाई म्हणतात, सभेतलं अभिषेकाचं तेल आणून उंबऱ्याला लावू.” — कोल्हापूरहून एक भगिनी

लिंबू उचलून कचऱ्यात टाका आणि उंबरा पाण्याने धुवा. तेल नको. लिंबाला घाबरून तेल लावले, तर वस्तू बदलली, भीती तीच राहिली.

गणना 22 ते 24 हे अध्याय सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. मवाबाचा राजा बालाक पैसे देऊन बलाम या दैवज्ञाला इस्राएलाला शाप द्यायला बोलावतो, आणि बलामाच्या तोंडून दर वेळी आशीर्वादच निघतो. याकोबावर मंत्रतंत्र चालत नाही, हे तिथेच 23:23 मध्ये आहे. खाली तळावर असलेल्या इस्राएलाला डोंगरावर काय चालले आहे याचा पत्ताही नव्हता.

जमिनीचे भांडण मात्र खरे आहे. ते मोजणी, सातबारा आणि जमल्यास भावकीतल्या वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीने सोडवा. लिंबू कोणी टाकले याचा शोध घेत बसू नका. खोट्या संशयाने घर फुटते, आणि सैतानाला तेवढे पुरते.

“माझा एकोणीस वर्षांचा मुलगा गाडीच्या अपघातात गेला. मंडळीतले एकजण म्हणाले, सैतानाने नेला, तुमची प्रार्थना कमी पडली. दुसरे म्हणाले, देवाला आवडला म्हणून नेला. मला दोन्ही ऐकवत नाही.” — एक वडील, नाशिक

दादा, तुमची प्रार्थना कमी पडली नाही. ज्यांनी हे म्हटले त्यांनी तुमच्या जखमेवर घाव घातला, आणि मंडळीच्या वतीने मी तुमची क्षमा मागतो.

प्रार्थना कमी पडली की मुले जातात, असे वाटत असेल तर पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनकडे पाहा. 1905 मध्ये तिथे झालेल्या संजीवनाची, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची, कीर्ती जगभर गेली. मुली रात्र-रात्र प्रार्थनेत असत. त्याच केडगावात 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई वारली. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, मग पती, आणि शेवटी ही लेक. रमाबाई स्वतः पुढच्याच वर्षी, 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्या घरात प्रार्थनेची कमतरता होती असे कोण म्हणेल?

“देवाला आवडला म्हणून” हे लोक प्रेमाने बोलतात. तरी तेही शास्त्राला धरून नाही. मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला आणि आत्म्यात खळबळला. आपण त्याला उठवणार हे त्याला माहीत होते, तरी रडला. मरणाला त्याने चांगले म्हटले नाही, आणि पौलही पहिले करिंथ 15:26 मध्ये मरणाला शत्रूच म्हणतो. शत्रू म्हणायची मोकळीक तुम्हालाही आहे.

मग देव कुठे होता? ईयोबाच्या पुस्तकात सैतान दोनदा देवासमोर येतो आणि दोनदा त्याला मर्यादा घातली जाते. पहिल्यांदा ईयोबाच्या शरीराला हात लावायचा नाही, दुसऱ्यांदा प्राण घ्यायचा नाही. दुसऱ्या अध्यायानंतर सैतान उरलेल्या चाळीस अध्यायांत पुन्हा दिसतच नाही. ईयोब त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. सगळे भांडण देवाशी करतो. आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला न्यायालयात खेचायची भाषा करतो. त्याचे मित्र देवाची बाजू मांडतात, अगदी सुसंगत. आणि शेवटी, 42:7 मध्ये, देव त्या मित्रांवर कोपतो आणि म्हणतो की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब यथार्थ बोलला, तुम्ही नाही. पहिले सात दिवस ते मित्र त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तेवढेच त्यांचे बरोबर होते.

स्वर्गात काय बोलणे झाले ते ईयोबाला शेवटपर्यंत सांगितले जात नाही. त्याला कारण मिळत नाही, देव भेटतो. तुमच्या मुलाच्या जाण्यातून देव काय करील हे मी सांगणार नाही. तो अधिकार कोणाला नाही, मंडळीतल्या त्या दोघांनाही नाही. मी फक्त वधस्तंभाकडे बोट दाखवू शकतो. येशूला धरून देणाऱ्या यहूदात सैतान शिरला असे लूक सांगतो. हेरोद, पिलात, जमाव, सगळे आपापल्या मर्जीने वागले. आणि प्रेषितांची कृत्ये 4:27-28 म्हणते की देवाच्या हाताने जे आधीच नेमले होते तेच त्यांनी केले. जगातले सर्वांत मोठे दुष्कृत्य देवाच्या हाताबाहेर नव्हते, आणि त्यात मारला गेलेला त्याचाच पुत्र होता. मुलगा गमावणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याशी तुम्ही बोलत आहात.

स्तोत्र 88 वाचा. ते अंधारातच संपते, शेवटी आशेची ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुम्हाला दुसरे काही म्हणवत नसेल तर तेवढेच म्हणा.

“आमच्या गटात गावावरचे दुरात्मे नावं घेऊन ‘बांधतात’. मंदिरासमोरून जाताना जोरात प्रार्थना करतात. मला अवघडल्यासारखं होतं. माझा विश्वास कमी आहे का?” — तरुण वाचक, पिंपरी

नाही, तुम्हाला अवघडते ते योग्यच आहे.

या पद्धतीला दानीएल 10 चा आधार देतात. तिथे पारसाच्या अधिपतीने, म्हणजे त्या देशामागच्या दुरात्म्याने, देवदूताला 21 दिवस अडवले असे आहे खरे. पण त्या 21 दिवसांत दानीएल काय करत होता? शोक, उपास आणि प्रार्थना. त्याला त्या अधिपतीचे नावही माहीत नव्हते, लढाई चालली आहे हे त्याला नंतर कळले. नव्या करारातले यहूदाचे पत्र (हा यहूदा वेगळा) सांगते की आद्यदेवदूत मीखाएलानेसुद्धा सैतानाला स्वतः दोष दिला नाही. “प्रभू तुला धमकावो” एवढेच म्हणाला. बलवानाला, म्हणजे सैतानाला, बांधण्याचे काम मत्तय 12:29 मध्ये येशू स्वतः करतो.

पौलाने इफिसकरांना लिहिले तेव्हा त्या नगरात अर्तमी देवीचे मंदिर उभे होते, जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. ते बांधा, शापा असे त्याने लिहिले नाही. इफिसात दंगल झाली तेव्हा नगराच्या शहर-चिटणिसानेच साक्ष दिली की या माणसांनी आमच्या देवीची निंदा केलेली नाही. ते प्रेषितांची कृत्ये 19:37 मध्ये आहे. पौलाची शस्त्रे कोणती? सत्य, नीतिमत्त्व, शांतीची सुवार्ता, विश्वास, तारण, देवाचे वचन आणि प्रार्थना. आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही असे तो म्हणतो, म्हणजे मंदिरात जाणारा तुमचा शेजारी तुमचा शत्रू नाही. त्याच्या दारात ओरडून केलेली प्रार्थना त्याला शिवीच वाटेल.

गटातल्या वडीलधाऱ्यांशी एकांतात, प्रेमाने बोला. ऐकले नाही तर दुसरा गट शोधण्यात पाप नाही.

“वय 78. एकटी राहते. रात्री छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, हलता येत नाही. स्तोत्र 91 उशाखाली ठेवते, तरी होतं.” — वसईहून एक आजी

आजी, झोपेतून अर्धवट जाग येताना शरीर काही क्षण हलत नाही आणि छाती दबल्यासारखी वाटते, असे पुष्कळांना होते. तरीही या वयात छातीचे दुखणे अंगावर काढू नका. या आठवड्यात डॉक्टरांकडून हृदय आणि रक्तदाब तपासून घ्या, सोबत कोणाला तरी न्या.

स्तोत्र 91 उशाखालून काढून वाचायला घ्या. मंदिराच्या शिखरावर सैतानाने येशूला याच स्तोत्राच्या ओळी म्हणून दाखवल्या होत्या, तेव्हा नुसत्या कागदाला तो भीत नाही. त्याच्याबरोबर स्तोत्र 4 वाचा, ते आठच ओव्यांचे आहे आणि झोपताना म्हणायचेच आहे. आणि तुमच्या धर्मगुरूंना सांगून ठेवा की रात्री फोन करायला कोणाचा तरी क्रमांक हवा आहे. तो देणे हे पॅरिशचे काम आहे.