इंग्रजी शिव्या आणि उद्गार: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ‘ब्लडी’ हा शब्द ‘बाय अवर लेडी’, म्हणजे मेरीमातेच्या शपथेवरून आला, असं शाळेत ऐकलं होतं. खरं आहे का?

नाही, आणि अशा कहाण्या तपासल्याशिवाय पुढे सांगू नयेत असं मला मनापासून वाटतं. मेरीची ती शपथ झिजून ‘बायर लेडी’ झाली होती. शेक्सपिअरच्या नाटकांत ती सापडते. ‘ब्लडी’चं काम वेगळं आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘ब्लडी ड्रंक’ म्हणजे ‘भयंकर प्यालेला’ असा वापर दिसतो. तिथे शपथ घालून पाहा, वाक्यच उभं राहत नाही. रक्ताशी असलेलं त्याचं नातं सरळ आहे. पुढे अठराव्या शतकात तो अशिष्ट ठरला, तो इतका की 1914 च्या एप्रिलमध्ये लंडनला शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये, म्हणजे आपल्या ‘ती फुलराणी’च्या मूळ नाटकात, एलायझाने तो रंगमंचावर उच्चारला आणि वर्तमानपत्रांत गदारोळ उडाला.

प्रश्न: ‘ब्लायमी’, ‘क्राइकी’ या उद्गारांना काही अर्थ आहे की नुसतेच आवाज?

अर्थ आहे, पण तो मुद्दाम झाकलेला आहे. ‘ब्लायमी’ म्हणजे ‘गॉड ब्लाइंड मी’, देव मला आंधळं करो. ‘क्राइकी’त ख्रिस्ताचं नाव दडलंय. जुना ‘झाउंड्स’ म्हणजे क्रुसावरच्या देवाच्या जखमा, ‘स्ट्रूथ’ म्हणजे देवाचं सत्य. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही बायबलची आज्ञा, म्हणून शब्द मोडून तोंडात ठेवायचा. त्यात 1606 साली कायदा आला: नाटकात देवाचं नाव थट्टेत किंवा अनादराने घेतलं तर 10 पौंड दंड. त्या काळी ही रक्कम जबर होती. परिणाम छापील पानावर दिसतो. ‘ऑथेल्लो’च्या 1622 च्या आवृत्तीत इयागोचं पहिलंच वाक्य ‘स्ब्लड’, म्हणजे देवाच्या रक्ताच्या शपथेने सुरू होतं. शेक्सपिअरच्या नाटकांच्या 1623 च्या मोठ्या संग्रहात ती शपथ गायब आहे. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण शपथ कुठून काढली ती जागा बोट ठेवून दाखवता येते.

प्रश्न: ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’मधला ‘डॅम’ म्हणजे आपलं ‘दाम’ नाणं का?

इंग्रजीत रुळलेल्या भारतीय शब्दांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ही कल्पना आहे, पण ती टिकलेली नाही. ‘डॅम’ फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. दोषी ठरवणं, शाप देणं हा त्याचा मूळ अर्थ.

प्रश्न: ‘कॉड्सवॉलप!’ (काहीतरीच!) आणि गोटीसोड्याची बाटली यांचा संबंध सांगतात.

बाटली खरीच हायरम कॉड या इंग्रजाची, 1870 च्या दशकातली. ‘वॉलप’ म्हणजे बोलीत बिअर, म्हणून ‘कॉड्स वॉलप’ म्हणजे कॉडची ‘बिअर’, अशी ती गोष्ट. पण ‘कॉड्सवॉलप’ हा शब्द छापील किंवा लिखित स्वरूपात आढळतो तो 1950 च्या दशकाच्या अखेरीस. मधली ऐंशी वर्षं तो कुठे होता, याचं उत्तर त्या गोष्टीत नाही. म्हणून मी ती मानत नाही.

प्रश्न: मग ‘डुलॅली’ आणि देवळालीचं नातंही दंतकथाच?

ते मात्र खरं. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटत, त्यामुळे कित्येकांना काम नसताना महिनोन्‌महिने उन्हात काढावे लागत. त्यातून बिघडलेल्या मनःस्थितीला सैनिक ‘डुलॅली टॅप’ म्हणू लागले. हा ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. आता इंग्लंडमध्ये नुसतं ‘डुलॅली’ म्हणतात, डोकं फिरलेल्या माणसाला.