दोन वर्षांचं ग्रीन कार्ड आणि घटस्फोट: बहिणीला आधी धीर द्या

ताई, तुमची धाकटी बहीण न्यू जर्सीहून नेरुळला माहेरी आली आहे, लग्नाला तीन वर्षं झालीत, नवरा अमेरिकन नागरिक आहे, दोन वर्षांचं ग्रीन कार्ड संपायला चार महिने उरलेत आणि तो फोनवर ‘घटस्फोट देतो, मग तुझं कार्ड रद्द करायला लावतो’ म्हणून धमकावतोय. तिला आजच सांगा, तो अधिकार नवऱ्याला नाही. कार्ड तिच्या नावाचं आहे, ते काढून घेण्याची प्रक्रिया सरकारच करू शकतं.

दहा वर्षांचं कार्ड असतं तर घटस्फोटाने त्याला धक्का लागला नसता, फक्त नागरिकत्वासाठी तीनऐवजी पाच वर्षं थांबावं लागलं असतं. दोन वर्षांच्या कार्डाला मात्र अट असते. ती काढायला आय-७५१ अर्ज लागतो आणि एरवी नवरा-बायको तो मिळून भरतात, कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत. नवरा सही करत नसेल तर घटस्फोटाच्या कारणावर ती एकटी भरू शकते, तिला ९० दिवसांचं बंधनही नाही. मारहाण किंवा छळ झाला असेल तर घटस्फोटाशिवायही भरता येतो. तसं काही असेल तर कृपा करून ‘घरची गोष्ट’ म्हणून झाकू नका.

घटस्फोटाच्या कारणावर अर्ज मंजूर व्हायला अंतिम हुकूमनामा हवा. इथल्या कौटुंबिक न्यायालयात संमतीने घटस्फोट घ्यायचा म्हटलं तर आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, त्यावर सहा महिन्यांचा थांबा. २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तो थांबा माफ होऊ शकतो, पण ते न्यायाधीशांवर आहे. नवऱ्याने तिकडे दावा लावला असेल तर नोटीस बाजूला ठेवू नका, वकील उभा करा. तिच्या गैरहजेरीत, हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर झालेला निकाल आपल्याकडे मान्य होत नाही (नरसिंह राव खटला, १९९१). मग ती तिकडे घटस्फोटित आणि इथे विवाहित, अशी अडकते.

मला खरी काळजी तिच्या इथे राहण्याची वाटते. वर्षभर बाहेर राहिली तर कार्डावर परत जाणं अवघड होतं, सहा महिन्यांनंतरच विमानतळावर प्रश्न सुरू होतात. कार्ड नवऱ्याने ठेवून घेतलं असेल तर आय-१३१ए भरून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीतून परत जाण्यापुरता कागद मिळतो, तोही वर्ष उलटायच्या आत. आय-४०७ नावाचा फॉर्म कुणीही पुढे केला तरी सही करायची नाही. तो कार्ड सोडून दिल्याचा फॉर्म आहे.

आय-७५१ अर्जात लग्न खरं होतं हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं, म्हणून आज रात्रीच तिला लॅपटॉप घेऊन बसवा. जॉइंट खात्याची स्टेटमेंटं, दोघांचा एकत्र भरलेला टॅक्स, घराचा भाडेकरार, विम्यात एकमेकांची नावं, सगळं डाउनलोड करून दोन ठिकाणी ठेवा. नवऱ्याने पासवर्ड बदलला की हे हाती लागणं कठीण. लग्नाची पत्रिका, हॉलची पावती, अल्बम तुमच्या घरीच असतील, तेही काढा. पण अधिकारी लग्नाच्या थाटापेक्षा लग्नानंतरचा संसार बघतात. चार माणसांसमोर सप्तपदी झाली एवढ्यावर भागत नाही.

आणि वकील तिकडचा, इमिग्रेशनचाच घ्या. ‘ग्रीन कार्डचं काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या हाती तिचे मूळ कागद देऊ नका.