खाडा पडेल त्या दिवसासाठी

प्रिय,

तुझी यादी मिळाली. अकरा संकल्प, प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन, आणि सगळ्यात वर 'या वर्षी नक्की'. त्या 'नक्की'खाली तू दोन रेघा ओढल्या आहेस. मागच्या वर्षीचं तू मला सांगितलं होतंस, त्यामुळे दुसरी रेघ कशासाठी ते लगेच कळलं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहाटे पाचला उठणं, रोज तासभर व्यायाम, पन्नास पुस्तकं, नवी भाषा, बचत, मोबाइल कमी... यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण अकराच्या अकरा एकाच सकाळी सुरू करणं कुणालाच झेपत नाही. यादी समोर घे आणि एकेका ओळीवर बोट ठेवून स्वतःला विचार: हे पुढच्या डिसेंबरपर्यंत झालं नाही, तर मला मनापासून वाईट वाटेल का? की कुणीतरी म्हणालं म्हणून लिहिलंय? मला विचारशील तर पहाटे पाचचा संकल्प तुझा नव्हेच. तुझं डोकं रात्री चालतं, इतकी वर्षं बघतेय मी. एक संकल्प ठेव, फार तर दोन. बाकीचे फाडून टाकू नकोस, वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेव. जूनमध्ये त्यांच्याकडे बघू.

समज, व्यायाम ठेवलास. 'तब्येत सुधारायची' एवढंच लिहिलं, तर उद्या संध्याकाळी साडेसहाला तू नेमकं काय करणार ते त्यातून कळत नाही. 'कामावरून आल्यावर, बसायच्या आधी, बूट बदलून वीस मिनिटं चालायला' असं लिही. बूट दाराशी, मोजे बुटातच खुपसलेले. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटं टिपण लिहून पाठवायचं होतं. त्यातल्या काहींना ते कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे आधीच ठरवायला सांगितलं. त्यांच्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी वेळेत लिहिलं. ज्यांना असं काही ठरवायला लावलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम एक-तृतीयांश होतं. इच्छा दोघांचीही होती. पण एका गटाला वेळ आली तेव्हा पुन्हा विचार करत बसावं लागलं नाही.

मोबाइलचा संकल्प ठेवायचा असेल, तर 'बघणार नाही' असं लिहू नकोस. त्या वेळी हातात दुसरं काय असेल, ते लिही. स्वीडनमध्ये हजाराहून अधिक लोकांचे नव्या वर्षाचे संकल्प वर्षभर तपासले गेले. तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काहीतरी करायचं ठरवणाऱ्यांपैकी जवळपास ५९ टक्के लोकांनी संकल्प पाळल्याचं सांगितलं, तर काहीतरी टाळायचं ठरवणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांनी. रिकामी झालेली जागा भरली नाही, तर जुनी सवय तिथेच परत येऊन बसते.

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं, ते.

तू म्हणालास, 'एकवीस दिवस काढले की सवय लागते.' हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या एका निरीक्षणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं म्हणणं होतं. रोज चालायला जाण्याचा त्याच्याशी काय संबंध? पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगून बारा आठवडे नोंदी ठेवल्या. ती गोष्ट आपसूक व्हायला साधारण ६६ दिवस लागतात, असं त्यातून दिसलं. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे बावीसाव्या दिवशीही बूट घालायचा कंटाळा आला, तर तुझ्यात काही बिघडलेलं नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट सापडली, आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात मोलाची आहे: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

हे मला पंचविशीत कुणी सांगायला हवं होतं. रोज एक पान लिहायचं ठरवलं होतं मी. अठरा दिवस एकही खाडा नाही. एकोणिसाव्या दिवशी आई आजारी पडली आणि रात्र तिच्या उशाशी गेली. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावर मी वर तारीख घातली आहे, खाली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी वेळ होता. पण ते कोरं पान बघितलं आणि वाटलं, आता काय अर्थ, मोडलाच की. वही मिटली ती ऑगस्टपर्यंत. एका रात्रीने माझं काहीच गेलं नव्हतं. त्या एका विचाराने सात महिने गेले. ऑगस्टमध्ये मी त्याच तारखेखाली दोन ओळी लिहिल्या, आईच्या त्या रात्रीबद्दलच. तेव्हापासून माझा नियम दोन ओळींचा आहे. जमलं तर पान, नाहीतर दोन ओळी.

तूही तुझ्या दोन ओळी आत्ताच ठरवून ठेव, डोकं शांत असताना. ताप असेल, पाऊस असेल, कामावरून दहा वाजता सुटका झाली असेल, अशा दिवशी काय? दारापर्यंत जाऊन बूट घालायचे आणि पाच मिनिटं घरातच फिरायचं, एवढंही चालेल. आणि तेही झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून चाळीस मिनिटं चालायचं नाही. वीसच. भरपाईचं ओझं घेतलं की तिसरा दिवसही हातचा जातो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाललेल्या दिवशी फुली मार, खाड्याच्या दिवशी एका शब्दात कारण लिही. 'ताप.' 'प्रवास.' 'कंटाळा.' खरं लिही, तिथे कुणी रागावणार नाही. महिनाभरात एकच शब्द चार-पाचदा दिसला, तर तुझी वेळ चुकली आहे, ती बदलू.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मला फोन कर. किती फुल्या झाल्या, हे मी विचारणार नाही. पहिला खाडा कधी पडला आणि दुसऱ्या दिवशी तू काय केलंस, ते मात्र सगळं सांग.

तुझी,
मावशी