नोकरी सोडून चँडलर होता येतं का?

सांगलीहून एका वडिलांनी लिहिलंय: "मुलगा टी.वाय.बी.कॉम.ला आहे, सीए इंटरचा एक ग्रुप पास झालाय. आता म्हणतो, दुसरा ग्रुप देणार नाही, हार्ड-बॉइल्ड, म्हणजे रांगड्या, कडवट गुप्तहेरांच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणार. अमेरिकन रहस्यलेखक रेमंड चँडलरनेही तेलकंपनीतली नोकरी सोडूनच लिहायला घेतलं, असा दाखला देतो. तरुणपणी मीही बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचल्यात, पण यावर पोट भरेल का? त्याच्या गोष्टीची दोन पानं जोडली आहेत."

सप्रेम नमस्कार.

आधी तो दाखला तपासू. चँडलरने नोकरी सोडली नव्हती, १९३२ मध्ये त्याला काढून टाकलं होतं. दारू आणि दांड्या! लॉस एंजेलिसच्या तेलकंपनीत हिशेबाच्या टेबलापासून उपाध्यक्षपदापर्यंत चढलेला माणूस ४४व्या वर्षी घरी बसला, आणि बाहेर मंदी. चिरंजीव ज्याला धाडस समजतायत, ती खरं तर नाचक्की होती.

त्यानंतर चँडलरने काय केलं, ते मात्र मुलाला जरूर सांगा. अर्ल स्टॅन्ली गार्डनर या वकील-लेखकाची एक गोष्ट चँडलरने घेतली, तिचा बारकाईने सारांश काढला, मूळ गोष्ट बाजूला ठेवली आणि त्या सारांशावरून ती स्वतः पुन्हा लिहिली. मग दोन्ही शेजारी ठेवून कुठे कमी पडलो ते पाहिलं. परत लिहिलं. एवढं राबून ती विकता येणार नाही, याची त्याला चुटपूट लागली. नंतर स्वतःची पहिली गोष्ट लिहिली, तिला पाच महिने लागले. १८,००० शब्द, 'ब्लॅक मास्क' मासिकाचा दर शब्दाला एक सेंट, म्हणजे हातात १८० डॉलर. ती १९३३च्या डिसेंबरात छापून आली. महिन्याला किती पडले, ते मुलालाच काढायला सांगा.

पहिली कादंबरी १९३९ मध्ये आली, तीही मासिकांतल्या जुन्या गोष्टी उसवून, जोडून. आयुष्यभरात पूर्ण कादंबऱ्या सात. चांगला पैसा चाळिशीच्या दशकात मिळाला, तो हॉलिवूडच्या पटकथांचा. लिहिताना तो पिवळा कागद अर्धा कापून घ्यायचा. त्यावर जेमतेम १२-१५ ओळी मावायच्या, आणि तेवढ्यात काहीतरी जमून आलंच पाहिजे असा त्याचा हट्ट. चिकटपणा म्हणा हवं तर. मला तो हिशेबनिसाचाच वाटतो.

त्याच्याआधी याच प्रकारात लिहिणारा डॅशिएल हॅमेट तर पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेला. पाळत कशी ठेवतात हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. १९२९ ते १९३४ मध्ये त्याच्या पाच कादंबऱ्या आल्या. पुढे १९६१ मध्ये वारला, तोवर सहावी नाही. तेव्हा या धंद्यात जम बसला म्हणजे जन्माची सोय झाली, असंही समजू नका.

मराठीत निव्वळ रहस्यकथांवर घर चालवणारा लेखक आज माझ्या पाहण्यात नाही. म्हणून दुसरा ग्रुप द्यायला लावाच. आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीत, गोदामातली पोती मोजायला पाठवतील, व्हाउचरं चाळायला बसवतील, पावतीपुस्तकातला एखादा नंबर गायब सापडेल. हॅमेटला पिंकर्टनमध्ये जे मिळालं, त्याच्या जवळ जाणारं तुमच्या मुलाला तिथेच मिळेल. रोज सकाळी एक तास मात्र त्याचा. त्या तासात त्याला "अभ्यास झाला का?" विचारू नका. पहिले पाच महिने गार्डनरवाला प्रयोग करू दे, गोष्ट कुणाचीही घेऊ दे.

आता ती दोन पानं. नायक ट्रेंचकोट घालून फिरतो. सांगलीत. मे महिन्यात. व्हिस्कीही बरीच आहे, आणि ती मुलाने अजून चाखलेली नसावी असं वर्णनावरून वाटतं (तुमच्यासाठी तेवढीच आनंदाची बातमी). ते सगळं उसनं आहे, गळून पडेल. पण दुसऱ्या पानाच्या तळाशी मेलेल्या अडत्याच्या खिशात हळदीची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) सापडते आणि तिच्यावर तारीख रविवारची असते. मार्केट यार्डात त्या दिवशी सौदेच निघालेले नसतात. ही ओळ लॉस एंजेलिसहून आलेली नाही, ती बी.कॉम.च्या पोराला सुचलेली आहे.

ती पट्टी कोणी केली? तिसरं पान पाठवायला सांगा.