टाइमटेबल पाळता येत नाही म्हणजे मी आळशी आहे का?

हा प्रश्न घेऊन इतकी मुलं-मुली येतात की एकीची गोष्ट सांगतेच, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. राहायला डोंबिवली, नोकरी सीएसएमटीजवळ आणि तयारी एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेची. टाइमटेबल सोबतच आणलेलं, स्केचपेनने रंगवलेलं, पहाटे ५ ते ७ पॉलिटी, रात्री ८ ते १२ इतिहास-भूगोल, रविवारी १० तास. म्हणाली, मॅडम दर सोमवारी नव्याने सुरू करते आणि बुधवारपर्यंत सगळं बोंबलतं, माझ्यात जिद्दच नाहीये.

मी म्हटलं जिद्दीचं राहू दे, मागचा आठवडा सांग, जसा गेला तसा. मग निघालं की साडेपाचला नळाला पाणी येतं ते हीच भरते, डबा हीच करते, लोकलने घरी परत यायला आठ वाजतात आणि जेवण-भांडी आवरेपर्यंत साडेनऊ. खरा अभ्यास रोज दीड तास आणि रविवारी चार, म्हणजे आठवड्याला १३ तास, आणि कागदावर होते ४६! त्या कागदात पाणी भरणं कुठेच नव्हतं. जिद्दीचा संबंधच काय इथे?

हे सगळ्यांचंच होतं. १९९४ मध्ये कॅनडात मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं की प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर आलं ३४ दिवस, लागले जवळपास ५५. सगळंच बिनसलं तर किती लागतील असंही विचारलेलं, तर तो अंदाजसुद्धा ४९च्या आसपास, म्हणजे तोही कमीच पडला. म्हणून मी प्लॅन मनातल्या आदर्श दिवसावरून कधीच तपासत नाही, मागच्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्यक्षात काय झालं त्यावरून तपासते.

आता राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झालीय, नऊ पेपर, लिहिण्याचा सराव वेगळाच. १३ तासांत हे या वर्षी बसणार नाही हे मी तिला स्पष्ट सांगितलं, खूप वाईट वाटलं तिला, पण खोटी आशा लावून अजून एक वर्ष स्वतःला दोष देत बसू देणं मला पटत नाही. मग तास वाढतात का ते पाहिलं. घरी बोलल्यावर भावाने पाणी भरायचं अंगावर घेतलं, पाऊण तास सुटला. या वर्षी एमपीएससीचीच संयुक्त गट ब-क परीक्षा, तिची मुख्य वस्तुनिष्ठ म्हणजे पर्याय निवडायची आहे, आणि राज्यसेवा पुढच्या वर्षी असं तिनेच ठरवलं. बुधवारची रात्र राहिलेल्या अभ्यासासाठी मोकळी ठेवलीय, आणि तीन आठवडे खरे तास लिहून आणायला सांगितलेत, ते बघून पुढचं ठरवू.